आजोबा लोकांचे, नातवंडं घरची

नावाजलेल्या राजकीय घरात वाढणाऱ्या नातवंडांविषयीचे वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ओळख पटेल असा तपशील प्रत्येक पत्रातून काढून टाकला आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. माझे सासरे मोठ्या पदावर आहेत. वर्गातला एक मुलगा तिला म्हणाला, "तुझे आजोबा चोर आहेत, माझे बाबा सांगतात." तेव्हापासून ती रोज विचारते, "आजोबा चोर आहेत का?" घरातले म्हणतात, त्या मुलाच्या वडिलांना फोन करा.

फोन करू नका. तुमच्या घरातून गेलेला फोन हा एका आईचा फोन उरत नाही, समोरच्याला त्यात दम दिल्याचा सूर ऐकू येतो. दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गातली मुलं तुमच्या मुलीशी बोलायला बिचकतात आणि ती शिक्षा तिलाच होते. त्रास पुन्हा झाला तर वर्गशिक्षकांशी बोला. ते तुम्ही स्वतः बोला, कार्यालयातल्या माणसाकरवी नको.

मुलीने विचारलंय त्याचं उत्तर आधी द्या. सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं : "आजोबा खूप लोकांसाठी निर्णय घेतात. काहींना ते निर्णय आवडतात, काहींना आवडत नाहीत. आवडले नाहीत की काही जण रागाने बोलतात." मग वर्गात म्हणायचं वाक्य तिला द्या : "ते माझे आजोबा आहेत. त्यांच्या कामाचं मला माहीत नाही." हे वाक्य म्हणायचं आणि तिथून निघून जायचं. निघून जाणं महत्त्वाचं, कारण ती तिथेच उभी राहिली तर पुढचा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नसतं. घरी तुम्ही तो मुलगा व्हा, ती उत्तर देईल. पाच मिनिटांत तीन-चार वेळा हा खेळ खेळलात की वाक्य तोंडात बसतं.

दोन गोष्टी हमखास बिघडवतात. पहिली, "ते लोक आपल्यावर जळतात" असं सांगणं. मग मूल अर्ध्या वर्गाला शत्रू समजायला लागतं, आणि पुढे एखादी टीका खरी निघाली की आईवडिलांवरचाच विश्वास उडतो. दुसरी, "आजोबा कोण आहेत ते कुणाला सांगू नकोस" अशी ताकीद. जे लपवायला सांगितलं जातं ते लाजिरवाणं असणार, असाच अर्थ लहान मूल काढतं. गुपित आणि खाजगी यांतला फरक तिला समजावून सांगा. आजोबा कोण आहेत हे गुपित नाही. पण घरी कोण आलं, जेवताना काय बोलणं झालं, हे खाजगी आहे.

अकराव्या-बाराव्या वर्षी ती आजोबांचं नाव इंटरनेटवर शोधणारच. तो पहिला शोध तुमच्या शेजारी बसून होऊ द्या. एक कौतुकाचा आणि एक टीकेचा लेख निवडा. लिहिणारा कोण, तारीख कोणती, आरोप आणि निकाल यांत फरक काय, हे तिला दाखवा. खटला चालू असेल तर "न्यायालय तपासतंय, अजून ठरलेलं नाही" हे खरं उत्तर आहे, आणि मुलांना ते पेलतं. त्यांना घरातली कुजबुज पेलत नाही.

प्रश्न : मी शाळेत वर्गशिक्षिका आहे. एका नेत्याचा नातू यंदा माझ्या वर्गात आला आहे. वेगळी वागणूक द्यायची नाही हे कळतं, पण रोजच्या व्यवहारात नेमकं काय करायचं?

हजेरीच्या पहिल्या दिवशी आडनावापाशी थांबून हसू नका, "म्हणजे तुम्ही त्यांचे का?" असं विचारू नका. बाकीची मुलं त्या एका क्षणातून वर्षभराचा पाठ घेतात.

मुलाला न्यायला कोण येणार त्या तीन-चार माणसांची नावं, फोटो आणि परवलीचा शब्द पालकांकडून लेखी घ्या. "साहेबांनी पाठवलंय" एवढ्यावर मूल कुणाच्याही हाती देऊ नका, येणारा ओळखीचा वाटला तरी. परवलीचा शब्द दर सत्राला बदला.

संमेलनाला आजोबांना पाहुणे म्हणून बोलवायचंच असेल तर नातवाला त्या दिवशी त्यांच्या हातून बक्षीस देऊ नका. बक्षीस खरं असलं तरी वर्गाला ते खरं वाटणार नाही, आणि मुलाची मेहनत वाया जाईल. नागरिकशास्त्रात आजोबांच्या पक्षाचा किंवा खात्याचा विषय येणार असेल तर आदल्या दिवशी मुलाला एकट्याला सांगून ठेवा. तासाला त्याच्याकडे बघू नका, त्याला मत विचारू नका. वादविवाद स्पर्धेत त्याला आपोआप सरकारची किंवा विरोधकांची बाजू देऊ नका.

पत्रकार फाटकाशी आले तर शाळेने ठाम राहावं. ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांच्या आचारसंहितेत याबाबत चांगले नियम आहेत. शाळेच्या परवानगीशिवाय विद्यार्थ्यांना शाळेत गाठायचं नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत. शिवाय पालकांची प्रसिद्धी किंवा पद एवढंच कारण धरून मुलाच्या खाजगी आयुष्याचे तपशील छापायचे नाहीत. ब्रिटनबाहेर ती संहिता लागू नाही, पण शाळेने स्वतःचा लेखी नियम करताना यातली वाक्यं समोर ठेवावीत.

प्रश्न : मी पंधरा वर्षांचा आहे. माझी आजी मंत्री होती, आता खासदार आहे. मित्र सारखे कामं सांगतात : कुणाच्या काकांची बदली, कुणाच्या ताईचा प्रवेश. नाही म्हटलं तर "भाव खातो" म्हणतात. खरा मित्र कोण हेच कळत नाही.

"बघतो" म्हणू नकोस. तुला वाटतं तू टाळलंस, पण त्याला वाटतं तू कबूल केलंस, आणि आठवड्याने तो विचारायला येतो. त्यापेक्षा पहिल्याच वेळी सांग : "मी घरी निरोप नेत नाही, कुणाचेच नेत नाही. आजीच्या कार्यालयाचा नंबर देतो, तिथे सगळ्यांचं ऐकून घेतात." नंबर खरोखर दे. त्यामुळे तुझं नाही म्हणणं कोरडं राहत नाही. "कुणाचेच" हा शब्द मात्र गाळू नकोस. एकाचा निरोप नेलास तर दुसऱ्याला नाही म्हणायला तुझ्याकडे कारण उरत नाही.

अर्ज, पाकीट, भेटवस्तू यातलं काही हातात घेऊ नकोस. कुणी तुझ्या दप्तरात कागद टाकला तर तो उघडू नको, त्याच दिवशी आईबाबांना दे आणि कुणी दिला ते सांग. फोनवर कागदाचा फोटो आला तर पुढे पाठवू नकोस, कारण पुढे पाठवलेल्या संदेशावर तुझं नाव राहतं. काम झालं तरी तू मध्यस्थ ठरतोस, नाही झालं तर दोषी ठरतोस. अपवाद एकच : कुणाच्या जिवाला धोका असेल तर लगेच मोठ्यांना सांग.

मित्रांची परीक्षा घेत बसू नकोस. ज्याची परीक्षा घेतली जाते त्याला ते कळतं आणि तो दुखावतो. त्यापेक्षा जिथे आजीचं नाव उपयोगाचं नाही अशी एक जागा शोध : धावण्याचा सराव, तबल्याचा वर्ग, बुद्धिबळ. तिथे वेळ आणि चुका मोजल्या जातात, आडनाव मोजत नाहीत. तिथे जमलेली मैत्री बहुधा टिकाऊ असते, आणि तू कशात बरा आहेस हे तुला तिथे कुणाच्या मताशिवाय कळतं.

तुझी अडचण जुनी आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा नातू कर्टिस १९३३ मध्ये, तीन वर्षांचा असताना, बहिणीसोबत व्हाइट हाउसमध्ये राहायला गेला. वर्तमानपत्रांनी त्या दोघांची घरची लाडाची नावं, 'सिस्टी' आणि 'बझी', देशभर पोहोचवली. आजीआजोबांच्या त्या झगमगाटात वाढण्यावर कर्टिस यांनी २००८ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीला आल्यावर पुस्तक लिहिलं. एवढी वर्षं थांबू नकोस, आत्ताच घरात एका मोठ्या माणसाशी बोल. आजीशीही बोल. नातवाला शाळेत काय ऐकावं लागतं हे पदावरच्या माणसांपर्यंत सहसा कुणी पोहोचवत नाही.

प्रश्न : मी स्वतः निवडणूक लढवतो आहे. नातू नऊ वर्षांचा आहे, त्याला व्यासपीठावर यायचा फार उत्साह आहे. कार्यकर्तेही आग्रह करतात. न्यावं का?

प्रचारात त्याला आणू नका. भारतात निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी स्पष्ट सूचना दिल्या आहेत : मुलांकडून पत्रकं वाटून घेणं, भित्तिपत्रकं लावून घेणं, घोषणा देववणं, मिरवणुकीत किंवा सभेत त्यांचा वापर करणं चालणार नाही. नेत्याने मुलाला कडेवर घेणं, गाडीत बसवणं यांचाही त्यात उल्लेख आहे. मूल आईवडिलांसोबत नेत्याच्या जवळपास नुसतं हजर असेल आणि प्रचाराच्या कुठल्याच कामात नसेल, तर तो भंग धरला जात नाही. सूट एवढीच आहे, तिचा ताणून अर्थ लावू नका.

नियम नसता तरी आमचं उत्तर हेच असतं. नऊ वर्षांच्या मुलाने एकदा माइकवर घोषणा दिली की ती चित्रफीत त्याच्या विसाव्या वर्षीही सापडते. तेव्हा त्याचं मत वेगळं असेल तर? त्याला सभा पाहायचीच असेल तर आईसोबत मागच्या बाजूला, ध्वनिक्षेपकापासून लांब, अर्धा-पाऊण तास बसू द्या. गळ्यात उपरणं नको, हातात झेंडा नको. गर्दी हलायच्या आधी त्याला बाहेर काढा, कारण सभा सुटताना चेंगराचेंगरीचा धोका असतो.

खरी काळजी निकालाच्या दिवसाची घ्या. मतमोजणीच्या आदल्या संध्याकाळी त्याला दोन्ही शक्यता तुम्ही स्वतः सांगा : जिंकलो तर काय होईल, हरलो तर काय होईल, आणि दोन्ही वेळा काय तसंच राहील. शाळा तीच, खोली तीच, रविवारचा आपला वेळ तोच. पराभवानंतर घरातले फोन थांबतात, येणारीजाणारी माणसं नाहीशी होतात. मुलांना कारण कुणी सांगत नाही, मग ती स्वतःचीच काहीतरी चूक शोधतात. सरकारी निवासस्थान सोडावं लागणार असेल तर सामान बांधायच्या किमान दोन आठवडे आधी सांगा, आणि त्याची खोली सगळ्यात शेवटी आवरा.

आणखी एक, न विचारलेलं. नातवाला वचन देताना लहान वचन द्या. "पूर्ण रविवार तुझा" हे पाळता येणार नाही. "रविवारी सकाळी अर्धा तास, फोन बाहेरच्या खोलीत" हे पाळता येईल. मोडावं लागलंच तर तुम्ही स्वतः त्याच्याशी फोनवर बोला, स्वीय सहायकाकडून निरोप नको. नव्या वेळेसाठी तोच आठवडा ठरवा. आजोबा व्यस्त आहेत हे मुलांना समजतं. आपण यादीत कितव्या नंबरवर आहोत हेही त्यांना समजतं.

प्रश्न : घराला पोलिस पहारा आहे. मुलांना याची सवय लागते आहे. फोटो आणि समाजमाध्यमांचं काय करावं?

पहारा पदामुळे आणि धोक्यामुळे असतो, मुलांच्या मोठेपणामुळे नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगा. तो एक दिवस जाणार हेही सांगा. भारतात २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एसपीजीचं, म्हणजे पंतप्रधानांसाठीच्या विशेष सुरक्षा पथकाचं, संरक्षण पंतप्रधान आणि त्यांच्यासोबत अधिकृत निवासस्थानी राहणाऱ्या जवळच्या कुटुंबीयांपुरतं आहे. पद सुटल्यावर ते पाच वर्षांपर्यंत मिळू शकतं. अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्षांच्या मुलांना सरकारी संरक्षण सोळाव्या वर्षापर्यंतच मिळतं, आणि माजी राष्ट्राध्यक्षांच्या नातवंडांचा तिथल्या कायद्यात उल्लेखही नाही. पहाऱ्यावरच्या माणसाकडून दप्तर उचलून घ्यायचं नाही, पाणी मागवायचं नाही, त्याला नावाने आणि 'काका', 'मावशी' म्हणून हाक मारायची. यात संस्कार आहे आणि सुरक्षाही आहे, कारण दप्तर उचललेला हात मोकळा राहत नाही.

फोटोंबाबत तीन सवयी लावा. कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद ठेवा. फोटो फाइल म्हणून पाठवला तर ती नोंद सोबत जाऊ शकते. फोटो टाकायचाच तर ती जागा सोडल्यावर टाका, शक्यतो दुसऱ्या दिवशी. गणवेश, बसचा क्रमांक, फाटक, खिडकीतून दिसणारी इमारत असलेला फोटो टाकूच नका. आवाजाची नक्कल करून "मी आजोबा बोलतोय" असे फोन आता सहज करता येतात, आणि भाषणांमुळे आजोबांचा आवाज सगळीकडे उपलब्ध आहे. म्हणून घरातल्यांपुरता एक परवलीचा शब्द ठरवा. तो शब्द न सांगणाऱ्याचा फोन ठेवायचा आणि माहीत असलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा.

प्रश्न : मी बावीस वर्षांची आहे, शिक्षण संपलं. अर्जात आजोबांचा उल्लेख करायचा की आडनावच बदलायचं? घरच्यांनी काही कागदांवर सह्याही घेतल्या आहेत, त्याची थोडी धास्ती वाटते.

आधी सह्यांचं बोलू, कारण ते तातडीचं आहे. अठरा पूर्ण झाली की राजकीय घरातल्या नातवंडांचं नाव कंपनीत संचालक, न्यासात विश्वस्त, जमिनीत सहमालक म्हणून घालण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. पुढे चौकशी झाली तर "मी नुसती सही केली" हा बचाव फारसा चालत नाही.

या महिन्यातच हे करा. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा. मागणी ईमेलने करा, म्हणजे तारीख राहते. कंपन्यांची सरकारी नोंद सार्वजनिक असते, तिथे स्वतःचं नाव शोधा. स्वतःच्या नावावरची बँक खाती आणि करविवरणपत्रं तपासा, आणि विवरणपत्र भरायचा पासवर्ड स्वतःकडे घ्या. मग कुटुंबाचा नव्हे, आपला स्वतंत्र सनदी लेखापाल किंवा वकील गाठा आणि एकेका पदाविषयी विचारा : माझी जबाबदारी काय, आणि राजीनामा कसा द्यायचा? राजीनामा दिला तरी आधीच्या काळातल्या व्यवहारांची जबाबदारी संपतेच असं नाही, म्हणून उशीर करू नका. यापुढे कोरा कागद, कोरा धनादेश, फक्त शेवटचं पान, यांवर सही नाही. घरात वाईटपणा येईल. तो आत्ता घेतलेला बरा.

बँकेने पैशाचा स्रोत विचारला तर अपमान मानू नका. पदावरच्या व्यक्ती आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय यांची जास्त तपासणी करण्याची पद्धत अनेक देशांत आहे. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशात कुटुंबीय म्हणून जोडीदार, मुलं, मुलांचे जोडीदार आणि आईवडील येतात, नातवंडांचा उल्लेख नाही. तरी आजोबांकडून मोठी रक्कम आली असेल तर बँक विचारणारच, आणि तुमच्याकडे कागद हवा.

आता आडनाव. बदलू नका, आणि वापरूही नका. अर्जात आजोबांचा उल्लेख नको. मुलाखतीत विचारलं तर "हो, ते माझे आजोबा" एवढं म्हणून कामाकडे वळा. जिथे त्यांच्या पदाचा संबंध येतो, म्हणजे सरकारी कंत्राटं घेणारी कंपनी किंवा त्यांच्या खात्याशी व्यवहार असलेली संस्था, तिथे रुजू होण्यापूर्वी नातं लेखी कळवा आणि त्या कामांपासून दूर ठेवण्याची विनंती करा. लपवलेलं नातं पुढे बातमी होतं. पहिली नोकरी शक्यतो अशी घ्या जिथे कामाचं मोजमाप उघड आहे.

नातवंडांच्या वाटा किती निरनिराळ्या असतात पाहा. राजमोहन गांधी यांचे एक आजोबा महात्मा गांधी, दुसरे चक्रवर्ती राजगोपालाचारी. त्यांनी पत्रकारिता केली, इतिहास लिहिला, दोन्ही आजोबांची चरित्रंही लिहिली. १९८९ मध्ये त्यांनी अमेठीतून लोकसभा लढवली ती राजीव गांधींविरुद्ध, म्हणजे नेहरूंच्या नातवाविरुद्ध, आणि ते हरले. राजीव गांधी स्वतः राजकारणात येण्यापूर्वी इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक होते. डेव्हिड आयझेनहॉवर पाच वर्षांचे असताना, १९५३ मध्ये, त्यांचे आजोबा, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानाला 'कॅम्प डेव्हिड' नाव दिलं. ते आजोबांच्या वडिलांचंही नाव होतं आणि नातवाचंही. मोठेपणी या नातवाने आजोबांच्या युद्धकाळावर इतिहासग्रंथ लिहिला. आजोबा हाच विषय निवडण्यात कमीपणा नाही. इतरांचा अभ्यास जितक्या काटेकोरपणे तपासाल तितक्याच काटेकोरपणे स्वतःचाही तपासला की झालं.

प्रश्न : आजोबा फार आजारी आहेत. ते गेले तर सार्वजनिक दर्शन, कॅमेरे, भाषणं होणार. मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत.

सार्वजनिक दर्शनाच्या आधी घरच्यांचा वेगळा वेळ काढा, वीस मिनिटं पुरतात. दार बंद, फोन बाहेर. नंतर काय होणार ते क्रमाने सांगा : किती गर्दी, किती वेळ, बंदुकांची सलामी असेल तर तिचा आवाज. यायचं की नाही ते मुलांना ठरवू द्या. प्रत्येक मुलासोबत एक असा मोठा माणूस द्या ज्याच्यावर दुसरं कुठलंच काम नाही आणि जो मध्येच त्यांना घेऊन निघू शकतो. मूल हसलं, कंटाळलं तरी टोकू नका. पहिले काही आठवडे टीव्हीवर आजोबांचं जुनं भाषण अचानक लागू शकतं, ते आधी सांगून ठेवा.

प्रश्न : आजी गेल्यावर तिची पत्रं, डायऱ्या, भाषणांच्या फायली यांनी भरलेल्या पंधरा-सोळा पेट्या माझ्याकडे आल्या. एक संस्था मागते आहे. काय करू?

कागद नव्याने लावायला बसू नका. ते ज्या क्रमाने ठेवले आहेत तो क्रमही माहिती असतो. पेट्यांना क्रमांक द्या, प्रत्येक पेटी उघडून वरून फोटो घ्या आणि ती कुठल्या खोलीतून आली ते लिहून ठेवा. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नका. गंजलेल्या टाचण्या सहज निघत असतील तरच काढा. पेट्या जमिनीपासून अर्धा फूट उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. वाळवी दिसली तर ती पेटी वेगळी करा आणि जाणकाराला दाखवा, औषध फवारू नका.

देण्याआधी करार लेखी हवा : दान की ठेव, कुणाला पाहता येणार, स्कॅन केलेल्या प्रतीचा हक्क कुणाचा, संस्था बंद पडली तर कागद कुठे जाणार. सरकारी गोपनीय कागद सापडले तर ते घरचे नव्हेत, संबंधित खात्याला लेखी कळवा. पैसे घेणार असाल तर टीकेची तयारी ठेवा. १९९५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान राहिलेले विन्स्टन चर्चिल यांचे १९४५ पर्यंतचे कागद तिथल्या राष्ट्रीय लॉटरीच्या सुमारे सव्वा कोटी पौंडांच्या निधीतून विकत घेतले गेले, तेव्हा कुटुंबाला, विशेषतः त्याच नावाच्या खासदार नातवाला, बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

घरगुती पत्रं जाळू नका. ती वेगळ्या पाकिटात बंद करून 'अमुक सालापर्यंत उघडू नये' अशी अट घालता येते. आजीला आलेल्या पत्रांचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क बहुतेक देशांत लिहिणाऱ्याकडे आणि पुढे त्याच्या वारसांकडे राहतो. ती छापायची असतील तर परवानगी त्यांची घ्यावी लागेल, आणि त्यांचे पत्ते शोधायला आजीचीच जुनी डायरी उपयोगी पडेल. म्हणून त्या डायरीची पेटी शेवटी द्या.